आबांची सायकल, मिरजेचा डॉक्टर आणि १९८९ चा एक निकाल

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून रात्री वाचा.

२०२३ च्या नोव्हेंबरात, दिवाळी होऊन आठवडा झाला असेल, पहाटे सहाच्या सुमाराला शिये रस्त्यावर माझ्या वडिलांना एका पिकअपनं मागून उडवलं. आबा तेव्हा ६९ वर्षांचे. सगळी नोकरी उद्यमनगरात लेथवर काढली. सायकलनं गेले, सायकलनं आले. रिटायर झाले तरी पहाटेचा फेरा सुटला नाही. अजून उजाडलं नव्हतं. सायकलला मागं लाल रिफ्लेक्टर होता, तो नंतर गटारीच्या कडंला सापडला. पिकअप थांबली नाही. नंबर कुणी घेतला नाही. उजव्या मांडीचं हाड, कॉलर बोन, तीन बरगड्या आणि डोक्यात थोडा रक्तस्राव.

दूध घालायला निघालेल्या एका मोटरसायकलवाल्यानं त्यांना बघितलं आणि रिक्षा थांबवली. १०८ ला फोन करायचं कुणाला सुचलं नाही. ही सेवा आपल्या राज्यात २०१४ पासून आहे, पण हातापायाला कंप सुटला की आकडा आठवत नाही. मांडीचं हाड मोडलेल्या माणसाला रिक्षात कोंबून न्यायचं नसतं हे मला आज कळतं. त्या दोघांना मी त्याबद्दल एक शब्दही बोलणार नाही. ते थांबले, एवढं मला पुरतं.

पहिल्या खासगी दवाखान्यात आम्हाला सांगितलं, ‘पोलीस केस आहे, दुसरीकडं न्या.’ मग डिपॉझिटचं विचारलं. मग पुन्हा पोलीस केस. त्यात पंचवीस मिनिटं गेली. दवाखान्याचं नाव लिहिणार नाही, कमेंटमध्ये विचारूही नका. दुसऱ्या दवाखान्यात मात्र आधी आत घेतलं आणि कागद मागून केले.

आबा अठरा दिवस दवाखान्यात होते. त्यातले सहा आयसीयूत. बाहेरच्या बाकड्यावर बसून मी जे वाचत सुटलो, त्यातनं ही पोस्ट झाली. डोकं कशाततरी गुंतवायचं होतं.

पहिल्यांदा शोधलं ते हे ‘पोलीस केस’ प्रकरण. एका स्कूटरवाल्याला मोटारीनं उडवलं. एका भल्या माणसानं त्याला उचलून जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, आम्हाला अशा केसेस घ्यायचा अधिकार नाही, वीस किलोमीटरवरच्या दवाखान्यात न्या. वाटेतच माणूस गेला. पेपरातली ती बातमी वाचून परमानंद कटारा नावाच्या कार्यकर्त्यानं सुप्रीम कोर्टात अर्ज केला आणि २८ ऑगस्ट १९८९ ला निकाल आला: जखमीचा जीव वाचवणं हे प्रत्येक डॉक्टरचं पहिलं काम, सरकारी असो की खासगी, आणि पोलिसांची कागदपत्रं त्याच्या आड येऊ शकत नाहीत. घटनेच्या २१ व्या कलमातला जगण्याचा हक्क तो हाच. निकाल १९८९ चा आणि आम्ही दारात उभे २०२३ साली. चौतीस वर्षं! काउंटरवरच्या पोराचा जन्मसुद्धा त्या निकालानंतरचा असणार.

उचलून नेणाऱ्या माणसाला संरक्षण मिळायला तर अजून वेळ लागला. ३० मार्च २०१६ ला सुप्रीम कोर्टानं त्याबद्दलची नियमावली सगळ्यांवर बंधनकारक केली आणि २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. जखमीला नेणाऱ्यानं स्वतःचं नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही आणि चांगल्या हेतूनं केलेल्या मदतीबद्दल त्याच्यावर खटला नाही. आमच्या रिक्षावाल्या मामांना हे काहीच माहीत नव्हतं. ते दोन तास घाबरून बाहेर उभे होते आणि निघून जातही नव्हते.

तिसऱ्या दिवशी गावाकडनं चुलते आले. कानाजवळ येऊन म्हणाले, ‘ऑपरेशन कशाला? तालमीतल्या वस्तादाला दाखवू या की.’ हसू नका. कोल्हापुरात निखळलेला खांदा जागेवर बसवून घ्यायचा तर पिढ्यानपिढ्या लोक तालमीतच गेले. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी इथल्या मातीत रोज सांधे निखळायचे आणि रोज बसवले जायचे. जुन्या वस्तादांच्या हाताला ते ज्ञान होतंच. पण मांडीच्या हाडापाशी ते ज्ञान संपतं. ते हाड मोडलं की आत लिटरभर रक्त साठू शकतं, वरनं कातडी शाबूत दिसली तरी.

पहिल्या महायुद्धात हे सगळ्या जगाला कळलं. सुरुवातीच्या काळात मांडीला गोळी लागून हाड मोडलेल्या शिपायांपैकी सुमारे ८० टक्के मरायचे. लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमस नावाच्या डॉक्टरनं एक साधी लोखंडी पट्टी बनवून ठेवली होती, कडं आणि दोन दांडे, पाय ताणून धरणारी. तो जिवंत असेतो तिला फारसं कुणी विचारलं नाही. त्याच्या बायकोचा भाचा रॉबर्ट जोन्स यानं ती युद्धात आघाडीपर्यंत पोचवली आणि मरणाचं प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास आलं. औषध नाही, ऑपरेशन नाही. पाय हलू न देता न्यायचा, एवढंच. आमच्या रिक्षात नेमकं तेच नव्हतं.

त्याच काळातली आपल्याकडची गोष्ट. १९१८ साली शाहू महाराजांचे धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी शिकारीत घोड्यावरून पडून गेले. राज्य हाताशी, पैसा हाताशी, आणि तरीही मुलगा हाती लागला नाही. दोन वर्षांनी मराठा फ्री बोर्डिंग उभं राहिलं, त्याला त्यांचं नाव आहे. त्या रस्त्यानं मी शेकडो वेळा गेलो असेन. पाटीवरचं नाव एका अपघाताचं आहे हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

कोल्हापुरात दवाखाना नव्हता असं नाही. टाऊन हॉलसमोरची सीपीआरची दगडी इमारत मेजर मँटच्या आराखड्यातली, मूळ नाव अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. म्हातारी माणसं अजून त्याला थोरला दवाखाना म्हणतात. पण मोठ्या ऑपरेशनसाठी या भागातली माणसं मिरजेला जायची. कॅनडात जन्मलेला विल्यम वानलेस १८८९ ला मिशनच्या कामासाठी इकडं आला, १८९४ ला त्यानं मिरजेत हॉस्पिटल काढलं आणि १८९७ पासून हिंदी मुलांना डॉक्टरकी शिकवायला लागला. कोल्हापूर-मिरज रेल्वे १८९१ ला सुरू झाली होती. माझा असा समज आहे की मिरज ही वैद्यकीय पंढरी झाली त्यात डॉक्टरच्या हाताइतकाच रेल्वे जंक्शनचाही वाटा आहे. पेशंट पोचला तर डॉक्टरचा उपयोग. आमच्या घरातही ‘मिरजेला नेलंय’ म्हटलं की लोक आवाज खाली आणायचे.

मिरजेला पोचला तरी मांडी मोडलेल्या माणसाला पुढं काय होतं? पायाला वजन टांगून आठ-आठ, दहा-दहा आठवडे पाठीवर पडून राहणं. तरुण निभावायचा. म्हाताऱ्याला पाठीला जखमा, मग न्यूमोनिया, आणि मग घरचे म्हणायचे ‘पाय मोडल्याचं निमित्त झालं’. हाडाच्या पोकळीत आतून रॉड घालायची पद्धत जर्मनीत गेरहार्ड कुंटशरनं १९३९ ला सुरू केली. युद्धकैदी म्हणून तिकडं उपचार घेतलेले सैनिक मायदेशी परतले, एक्स-रे काढले, तेव्हा मांडीत ही लांबलचक सळई बघून तिथले डॉक्टर चक्रावले. आबांच्या मांडीत आज जो रॉड आहे तो त्याच सळईचा नातू. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी त्यांना वॉकर धरून उभं केलं. माझ्या आजोबांच्या काळात हे सांगितलं असतं तर लोकांनी वेड्यात काढलं असतं.

डोक्याचं दुखणं वेगळं. रक्तस्राव लहान होता. पुन्हा सीटी स्कॅन केला, वाढला नाही, डोकं उघडावं लागलं नाही. पण दोन रात्री आबा आम्हाला ओळखत नव्हते. सिस्टरला म्हणायचे, ‘मायक्रोमीटर आण, जॉब गरम झालाय.’ डॉक्टर म्हणाले, या वयात आयसीयूत असा भ्रम होतो, जाईल. गेला. तोवर आई बाहेर एक शब्द बोलली नाही. तिसऱ्या सकाळी आबांनी विचारलं, ‘सायकल कुठाय?’ तेव्हा ती रडली.

हेल्मेटचा इतिहासही एका सायकलशी जोडलेला आहे. १३ मे १९३५ ला इंग्लंडात ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ मोटरसायकलवर होता. सायकलवरच्या दोन पोरांना चुकवताना तो फेकला गेला आणि सहा दिवसांनी वारला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हा मेंदूचा सर्जन होता. त्यानं पुढं युद्धात मोटरसायकलवर मेलेल्या शिपायांचा अभ्यास केला, १९४१ ला निबंध छापला आणि फौजेत हेल्मेट आलं. आपल्या कायद्याचं १२९ वं कलम मोटारसायकल-स्कूटरवाल्यांना लागू आहे. सायकलवाल्यावर सक्ती नाही. सक्ती हवी असं मी म्हणत नाही. एमआयडीसीला सायकलनं जाणाऱ्या कामगाराला हेल्मेटचा दंड करायचा आणि पिकअप सोडून द्यायची, हे आपल्याकडं सहज होईल. आमच्या लहानपणी बिनदिव्याच्या सायकलची हवा सोडणारे पोलीस आठवतात. डबलसीटवाल्याला पकडायचे. ट्रकवाल्याची हवा सोडलेली मी कधी पाहिली नाही.

२०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये नवी मुंबईत इंटेल इंडियाचे माजी प्रमुख अवतार सैनी सकाळी सायकल चालवताना कॅबच्या धडकेत गेले, तेव्हा चार दिवस चर्चा झाली. आबांची बातमी कुठल्या पेपरात एक ओळही आली नाही. येईल अशी अपेक्षाही नव्हती.

आता पैशाचं. केशरी रेशनकार्डामुळं महात्मा फुले योजनेत बराच खर्च बसला. ही योजना २०१२ ला राजीव गांधींच्या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हा कोल्हापूर त्यात नव्हतं, आपण नोव्हेंबर २०१३ ला आलो. म्हणजे हाच अपघात त्याआधी झाला असता तर प्लॉट विकावा लागला असता. आणि मे २०२५ पासून केंद्राची नवी योजना आहे, कुठल्याही मोटार अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार कॅशलेस. रेशनकार्डाचा रंग विचारायचा नाही. आबांना ती मिळाली नाही, तुमच्या घरच्यांना मिळू शकते.

एक गोष्ट मात्र आम्हाला कुणीच सांगितली नाही. गाडी पळून गेली असेल तरी भरपाई असते. १९९४ पासून गंभीर जखमीला १२,५०० आणि मृताच्या घरच्यांना २५,०००, आणि हा आकडा अठ्ठावीस वर्षं तसाच! १ एप्रिल २०२२ पासून तो ५०,००० आणि दोन लाख झाला. जानेवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की गाडी महिन्याभरात सापडली नाही तर पोलिसांनी जखमीला या योजनेची लेखी माहिती द्यावी. आबांचा अपघात त्याच्या दोन महिने आधीचा. मला हे कळलं या वर्षी, एका वकील मित्राकडं, लग्नाच्या पंगतीत.

अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडं द्यायचा असतो, मंजुरी कलेक्टर देतात. एफआयआर, डिस्चार्ज कार्ड, बिलं, ओळखपत्र, पासबुक, सगळ्याच्या झेरॉक्स लावायच्या. उशीर झालाय, बघू काय होतं. फायनल झालं की इथंच लिहीन. सोमवारी आबांना सहीसाठी घेऊन जायचंय. जिना आहे म्हणतात. ते म्हणाले, ‘काठी घेतो, पण रिक्षा नको.’ सायकलचं मागचं चाक त्यांनी परवा अंगणात बसून स्वतः आऊट काढून सरळ केलंय. आईनं टायर-ट्यूब मात्र माळ्यावर टाकलीय आणि शिडी शेजाऱ्याला दिलीय.