चिठ्ठी दिली, पुढे काय? शहागड परिसरातील मानसिक आरोग्याची संदर्भसेवा आणि तिची देखरेख

मानसिक संकटात सापडलेल्या माणसाला गावातून दवाखान्यापर्यंत नेण्याची सरकारी साखळी कागदावर पूर्ण आहे. आशाताई घरभेटीत ओळखतात, उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी तपासतात, प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर चिठ्ठी देतात आणि जिल्हा रुग्णालयातले मनोविकारतज्ज्ञ उपचार सुरू करतात. आरोग्य खात्याच्या भाषेत याला संदर्भसेवा म्हणतात. गावात सरळ ‘रेफर केलं’ म्हणतात. पण रेफर केल्यावर माणूस पोहोचला का, त्याला कोणी तपासले का, गोळ्या घेऊन परत आला का आणि महिन्याने पुन्हा गेला का, हे पाहणार कोण? आपल्या बहुतेक वस्त्यांचा अनुभव असा, की चिठ्ठी दिली म्हणजे केस निकाली निघाली असे धरले जाते. मानसिक आजारात ही समजूत जिवावर बेतते.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा. कर्नाटकातल्या बेल्लारी जिल्ह्यातल्या प्रयोगाच्या धर्तीवर १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. पुढे शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर महाराष्ट्राने २०१५ च्या सुमारास प्रेरणा प्रकल्प आणला. मराठवाड्यातले आठ आणि विदर्भातले सहा अशा १४ जिल्ह्यांत तो होता आणि जालना त्यांपैकी एक. आशांनी घरोघर जाऊन प्रश्नावली भरायची, ज्यांना त्रास दिसेल त्यांना आरोग्य केंद्रात पाठवायचे, गंभीर रुग्णांना जिल्ह्याला, अशी त्याची रचना. आज टेलिमानस (१४४१६) ही दूरध्वनी सेवाही आहे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी ती देशभर सुरू झाली.

गरज किती मोठी आहे याचा अंदाज २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणावरून येतो. वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना असल्याचे त्यात आढळले. हे सर्वेक्षण १२ राज्यांत झाले आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता. शेतकरी आत्महत्यांची सर्वांत जास्त चर्चा ज्या राज्यात होते, ते राज्यच या मोजणीबाहेर राहिले.

शहागडचा रुग्ण कोणत्या जिल्ह्याच्या वहीत?

शहागड अंबड तालुक्यात, गोदावरीच्या काठी, धुळे–सोलापूर महामार्गावर. पूल ओलांडला की बीड जिल्ह्याचा गेवराई तालुका. जिल्ह्याचे ठिकाण जालना, पण महामार्गावरून थेट गाडी मिळते ती एका बाजूला छत्रपती संभाजीनगरची आणि दुसऱ्या बाजूला गेवराई-बीडची. दुखणे मोठे असले की इकडचा माणूस ‘घाटी’चे नाव घेतो. पलीकडे सोयरे असले तर बीडला जातो.

आता समजा, चिठ्ठी जालन्याची आहे आणि घरचे लोक रुग्णाला घेऊन घाटीत गेले. जालन्याच्या वहीत तो ‘आला नाही’. घाटीत तो ‘नवीन रुग्ण’. शहागडच्या आशाताईंच्या वहीत तो ‘संदर्भित’. तीन वह्या, एकच माणूस, आणि तिन्ही नोंदी आपापल्या जागी खऱ्या. गोळ्या संपल्यावर कोणी बोलावणे पाठवायचे, हे मात्र एकाही वहीतून कळत नाही.

खात्यांची विभागणी यात भर घालते. आशा, उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. घाटी वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. जालन्यालाही २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मंजूर होऊन सुरू झाले, म्हणजे तिथेही वैद्यकीय शिक्षण विभाग आला. २०२२ मध्ये जालन्यासाठी ३६५ खाटांच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाला राज्य सरकारने मान्यता दिली होती. तोपर्यंत राज्यात अशी चारच होती: येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. मराठवाड्यात एकही नव्हते. तज्ज्ञ आणि खाटा वाढणे चांगलेच. पण जेवढी ठिकाणे वाढतात तेवढे हातही वाढतात, आणि हातातून हातात जाताना माणूस सुटण्याच्या जागाही.

देखरेख म्हणजे नेमके काय

आशांच्या कामावर गटप्रवर्तक असतात. वीसेक आशांमागे एक. त्या भेटी मोजतात, अर्ज मोजतात, आकडा वर पाठवतात. ‘या महिन्यात किती संदर्भित केले’ हा आकडा सगळे विचारतात, कारण तो रकाना छापलेला आहे. ‘किती पोहोचले’ हे विचारायला निदान दोन वह्या शेजारी ठेवाव्या लागतात. संदर्भसेवेची खरी देखरेख ती हीच. शहागडहून गेलेल्यांची यादी आणि जिल्हा पथकाकडे आलेल्यांची यादी दर पंधरवड्याला जुळवायची. जे जुळत नाहीत त्यांच्या घरी त्याच आठवड्यात जायचे. तिथे पहिला प्रश्न ‘का गेला नाहीत?’ असा दटावणीचा नसावा. ‘कुठे गेला होतात?’ असे विचारावे. माणूस घाटीला किंवा बीडला गेला असेल तर तिथल्या कागदाचा फोटो उपकेंद्राच्या नोंदीत घ्यायचा. गेलाच नसेल तर कारण लिहायचे. गाडीभाडे नव्हते, सोबत यायला कोणी नव्हते, रोज बुडणार होता, की लोक काय म्हणतील याची भीती होती. प्रत्येक कारणाचा उपाय वेगळा, म्हणून ‘रुग्ण उदासीन’ असा एक शेरा मारून चालत नाही.

दुसरा भाग परतीच्या चिठ्ठीचा. तज्ज्ञाने काय निदान केले, कोणती गोळी किती दिवस द्यायची, पुन्हा कधी यायचे, कोणते लक्षण दिसले तर तातडीने आणायचे, एवढे चार ओळींत आरोग्य केंद्राला कळले पाहिजे. ते कळले नाही तर केंद्रातल्या डॉक्टरांना जुनी गोळी पुढे चालू ठेवतानाही हात आखडता घ्यावा लागतो आणि रुग्णाला दर महिन्याला जिल्ह्याच्या खेपा पडतात. माझ्या मते पाठवण्याच्या चिठ्ठीपेक्षा ही परतीची चिठ्ठी जास्त मोलाची आहे, आणि नेमकी तीच मागण्याची सवय कोणाला नाही. रुग्णाच्या नातेवाइकांनी ती हक्काने मागावी.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न वेगळाच. दिवाळीच्या आगेमागे कोयता निघतो तो उन्हाळ्याच्या तोंडाला परततो. मधल्या पाच-सहा महिन्यांत गावातल्या वहीत ‘स्थलांतरित’ एवढीच नोंद. उपचार चालू असलेल्या माणसाची मुकादमाकडे उचल ठरण्यापूर्वीच डॉक्टरांशी भेट घालून द्यावी, कागदांची प्रत सोबत द्यावी आणि कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यातून गोळ्या कशा मिळतील ते ठरवावे. गटप्रवर्तकांच्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या बैठकीत हा विषय असायला हवा.

दोन प्रश्नांच्या चाळणीतून काय सुटते

आशांच्या हातात आज जो समुदाय-आधारित तपासणी अर्ज असतो, त्यात मनःस्थितीबद्दल दोनच प्रश्न आहेत: गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटेनासा झाला का, आणि उदास किंवा निराश वाटले का. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, बेरीज तीनपेक्षा जास्त आली तर पुढे पाठवायचे. पहिल्या चाळणीला हे ठीक. पण जगू नये असे वाटते का, हे या दोन प्रश्नांत कुठेच नाही. ते नऊ प्रश्नांच्या मोठ्या प्रश्नावलीत शेवटच्या जागी येते. म्हणजे बेरीज दोनच आली, पण माणूस आतून टोकाला गेलेला आहे, असे होऊ शकते.

म्हणून ज्याच्याबद्दल मनात शंका आली त्याला सरळ विचारावे. ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती खोटी आहे. विचारल्याने बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आले तर ती नेहमीची चिठ्ठी नव्हे. तशा माणसाला पुढच्या सोमवारच्या ओपीडीचा कागद देऊन एकटे घरी पाठवू नये. कोणीतरी सोबत थांबावे, घरातली फवारणीची औषधे घराबाहेर, कुलपात किंवा शेजाऱ्याकडे हलवावीत, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. गरज पडली तर १०८ रुग्णवाहिका, आणि बोलण्यासाठी १४४१६, चोवीस तास, मराठीत. गटप्रवर्तकांनी अशा केसची खात्री महिन्याच्या बैठकीत करायची नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी करायची असते.

कायदा काय म्हणतो

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ आपल्या कामाचा आहे, पण गावपातळीवर फारसा कोणाला ठाऊक नाही. कलम १८ नुसार सरकारी मानसिक आरोग्य सेवा मिळणे हा हक्क आहे, आणि ती देताना जात, धर्म, लिंग, वर्ग यांवरून भेदभाव करता येत नाही. कलम ९४ नुसार तातडीच्या प्रसंगी कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, रुग्णाने नेमलेला प्रतिनिधी हजर असल्यास त्याच्या संमतीने, उपचार सुरू करू शकतो. त्याची मर्यादा साधारण ७२ तासांची. जवळच्या मानसिक आरोग्य केंद्रात नेण्याची सोय करणेही त्यात येते. म्हणजे ‘आमच्याकडे मनोविकारतज्ज्ञ नाहीत’ एवढ्या कारणावर आरोग्य केंद्राने हात झटकायचे नाहीत.

महामार्गावरच्या गावाला कलम १०० विशेष लागू पडते. कुठून कुठून आलेली, नाव-गाव न सांगू शकणारी माणसे अशा गावांत भटकताना दिसतात. स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या अशा व्यक्तीला संरक्षण देणे आणि जास्तीत जास्त २४ तासांत जवळच्या सरकारी दवाखान्यात नेणे हे पोलिस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. तिला कोठडीत ठेवता येत नाही. पुलापलीकडे सोडून देणे तर कोणत्याच कायद्यात बसत नाही.

कलम ११५ आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दल आहे. असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरायचे, तिच्यावर खटला चालवायचा नाही, आणि तिला उपचार व पुनर्वसन देणे ही सरकारची जबाबदारी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम ३०९ राहिलेलेच नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरते वेगळे कलम तेवढे आहे. तरीही पोलिसांच्या भीतीने अनेक घरे ‘चुकून औषध पोटात गेलं’ असेच सांगतात. मग पोटावर उपचार होतात, मनाकडे कोणी पाठवत नाही, आणि संदर्भसेवेची साखळी सुरूच होत नाही.

दवाखान्यातून घरी आल्यानंतर

प्रयत्नातून वाचलेल्या माणसाला पुढचे काही आठवडे आणि महिने सर्वांत जपायचे असतात. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत एक अभ्यास केला होता. त्यात आपल्याकडचे चेन्नई होते. प्रयत्नानंतर रुग्णालयात आलेल्या १,८६७ जणांपैकी निम्म्यांना नेहमीचे उपचार, आणि उरलेल्यांना त्यासोबत तासाभराची समजावणी आणि १८ महिन्यांत नऊ वेळा फोन किंवा भेट. पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आठवड्यात, मग चौथ्या, सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या महिन्यात. २००८ मध्ये निष्कर्ष आले. पाठपुरावा झालेल्या गटात आत्महत्येने मृत्यू ०.२ टक्के, दुसऱ्यात २.२ टक्के. यात महागडे यंत्र नाही, नवे औषध नाही. नऊ तारखा लिहिलेली वही आणि ती पाळणारा माणूस. शहागडच्या आशांना प्रत्येक अशा घरामागे या नऊ तारखा लिहून दिल्या आणि गटप्रवर्तकांनी त्या तपासल्या, तर आजच्या मनुष्यबळातही हे होऊ शकते. त्या भेटींचा मोबदला आशांना मिळायला हवा. फुकटच्या कामावर कोणतीही साखळी टिकत नाही.

गावातल्या लोकांनीच हे काम उचलल्याचे दाखले आपल्या राज्यात आहेत. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ हा प्रकल्प झाला. तिथे नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण अठरा महिन्यांत ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले. नाशिक जिल्ह्यात सुरू झालेला ‘आत्मीयता’ हा उपक्रम गावातलेच स्त्री-पुरुष निवडून त्यांना ऐकण्याचे आणि पुढे पाठवण्याचे शिक्षण देतो.

आपल्या विहार समित्या, महिला मंडळे आणि बचत गट इथे उपयोगी पडू शकतात, पण एका अटीवर. सोबत जाणे, गाडीभाड्याची वर्गणी, घरात लहान मुले असतील तर दिवसभर सांभाळणे, देवऋष्याकडे नेण्याचा आग्रह धरणाऱ्या नातेवाइकांशी बोलणे, एवढे जरूर करावे. रुग्णांची यादी मात्र करू नये, विहारातल्या फळ्यावर किंवा व्हॉट्सॲप गटावर नाव टाकू नये. कायद्याच्या कलम २३ ने गोपनीयतेचा हक्क दिला आहे, आणि लहान वस्तीत नुसते ‘अमक्याची सून’ म्हटले तरी ती गोपनीयता संपते. दुसऱ्यांदा दवाखान्यात न जाण्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

आकडे मागताना नावे लागतच नाहीत. ग्रामपंचायतीची आरोग्य समिती, उपकेंद्राची जन आरोग्य समिती, आरोग्य केंद्राची रुग्ण कल्याण समिती, या तिन्ही बैठकांत गावचे सदस्य बसतात. तिथे चार गोष्टी विचारता येतात, आणि तोंडी उत्तर मिळाले नाही तर माहिती अधिकारात लेखी मागता येतात: गेल्या तिमाहीत मानसिक आरोग्यासाठी किती जणांना पुढे पाठवले, त्यांतले किती पोहोचले, किती जणांची परतीची चिठ्ठी आली, आणि आज केंद्रात मानसिक आजारांवरच्या कोणत्या गोळ्या किती दिवस पुरतील एवढ्या शिल्लक आहेत.