बंद दारापुढची प्रार्थना

दुबई सिलिकॉन ओएसिस ही वसाहत २००५ च्या कायद्याने आकाराला आली. तिथे पिढ्यान्‌पिढ्यांचे ग्रामदैवत असण्याचा प्रश्नच नव्हता. तिथल्या मराठी माणसाला दर्शन घ्यायचे तर खाडीकाठी बर दुबईच्या १९५८ पासूनच्या मंदिरात जावे लागे. कोरोनाच्या साथीमुळे १६ मार्च २०२० ला अमिरातीतली प्रार्थनास्थळे बंद करण्याचा आदेश निघाला. मशिदींच्या बांगेतूनही लोकांना घरीच नमाज पढायला सांगितले जाऊ लागले. नोकरी गेली की व्हिसाचीही टांगती तलवार. ७ मेपासून भारत सरकारची विमाने सुरू झाली, तरी गावाकडे कोणी वारले तर खांदा द्यायला वेळेत पोचणे कठीणच होते. तीस टक्के उपस्थितीच्या अटीवर प्रार्थनास्थळे पुन्हा उघडू लागली ती १ जुलैला, नेमकी आषाढी एकादशीला. त्या वर्षी पंढरपुरात पालख्या एसटीने आल्या आणि वारकरी घरीच राहिले.

देऊळ बंद असताना, दुःख न झाकता केलेली प्रार्थना मराठी भक्तीला नवी नाही. मंगळवेढ्याच्या संत चोखोबांना जातीमुळे पंढरपूरच्या विठ्ठलाच्या देवळात पाऊल ठेवता येत नव्हते. १३३८ मध्ये गावकुसाच्या कामावर असताना भिंत कोसळली आणि इतर मजुरांबरोबर तेही गाडले गेले. ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या नामदेवांनी चोखोबांच्या म्हणून ओळखल्या, अशी परंपरा सांगते. चोखोबांची समाधी आजही महाद्वारासमोर, देवळाबाहेरच आहे. त्यांच्या अभंगांत आर्जव आहे तसा देवाला विचारलेला जाबही आहे. त्यांची पत्नी सोयराबाई तर विटाळाशिवाय कोणता देह जन्माला आला, असे थेट देवालाच विचारते. तीन शतकांनी, १६३० च्या दुष्काळात तुकोबांची पत्नी अन्नाविना गेली, दिवाळे निघाले. त्यांचेही विठोबाशी भांडण तितकेच उघड आहे.

देवाशी भांडणे म्हणजे श्रद्धा डळमळणे, असे कोणी म्हणेल. पण वारकऱ्यांनी हे अभंग बाजूला काढले नाहीत. टाळमृदंगाच्या साथीने भजनात म्हटले. ज्याच्याकडून ऐकून घेतले जाण्याची आशाच उरली नाही, त्याच्याशी इतके कोण भांडेल? दुसरा आक्षेप जड आहे. कोरोनाच्या साथीत दार सर्वांनाच बंद झाले आणि काही महिन्यांत उघडले. चोखोबांच्या वंशजांसाठी ते उघडायला १९४७ साल आणि साने गुरुजींचे उपोषण लागले. मग प्रार्थनेने काय साधले? मजुराला गप्प बसवले? चोखोबा काही ठिकाणी पूर्वजन्मीच्या कर्मालाही दोष देतात, हे नाकारता येणार नाही. मला मात्र त्यांचा प्रामाणिकपणा तिथेच दिसतो: शरणागती आणि संताप त्यांनी शेजारीशेजारी ठेवले, एकाने दुसरा पुसला नाही. दार उघडायला माणसांनाच झगडावे लागले, पण ते बंद ठेवणे हा अन्याय आहे हे बाहेर उभ्या असलेल्या भक्ताने देवाच्या तोंडावर आधीच सांगून ठेवले होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये जबल अलीला नवे मंदिर उघडले. तिथे हात जोडून जो २०२० मधल्या मृत्यूचा हिशेब देवाकडे मागतो, त्याला नास्तिक ठरवण्याचा अधिकार या परंपरेत कोणालाच नाही.