कंदिलाची काच आणि अठरावरचा एसी

दसऱ्याच्या सुट्टीत ताई, दाजी आणि भाची तीन दिवस पुण्याला आमच्या फ्लॅटवर आले होते. भाची तिसरीत आहे. १४ डिसेंबरला राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन असतो, त्याची चित्रकला स्पर्धेची तयारी शाळेने आतापासूनच सुरू केलेली. बाईसाहेबांनी मन लावून एक रडणारी पृथ्वी काढली, शेजारी हसणारा बल्ब काढला, खाली मोठ्या अक्षरात "वीज वाचवा" लिहिलं आणि मग म्हणाली, "मामा, पांघरूण दे ना, थंडी वाजतेय."

एसी अठरावर होता. लावला कोणी? अर्थात अस्मादिकांनी!

हसू आलं, पण नंतर विचार करत बसलो. मी परभणी जिल्ह्यातला, लोडशेडिंगमध्ये वाढलेला. वीज वाचवायला मला कोणी शिकवलं होतं का? आणि शिकवलं असेल तर ते गेलं कुठे?

आमची आजी जिंतूर तालुक्यातली. तिच्या लहानपणी परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. संध्याकाळी कंदिलाची काच पुसायचं काम घरातल्या पोरींचं, कारण लहान हातच काचेत जायचा. चुलीतली राख आणि जुनं फडकं, झालं. काच फुटली की पाठीत धपाटा. वात सरळ कापायची, नाहीतर ज्योत एका बाजूला चढते आणि काच काळी होते. जेवणं झाली की "वात बारीक कर" ही ऑर्डर ठरलेली. घरात उजेड एकच, म्हणून ज्याचं जे काम असेल ते त्याच्याभोवती. चुलीला पऱ्हाट्या, तुराट्या आणि गोवऱ्या. रात्री निखारा राखेत झाकायचा, म्हणजे सकाळी काडेपेटीची काडी वाचते.

आजीला "ऊर्जा संवर्धन" हा शब्द माहीत नव्हता. पण बाटलीतलं रॉकेल किती खाली गेलंय ते तिला रोज डोळ्यांनी दिसायचं.

पुढे १९६० साली महाराष्ट्र झाला आणि त्याच वर्षी राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं. पूर्णा नदीवरचं येलदरी धरण १९६८ मध्ये पूर्ण झालं. तिथे साडेबावीस मेगावॅटचं जलविद्युत केंद्र आहे. १९७१ मध्ये शेजारच्या परळीत कोळशावरचा ३० मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला. हळूहळू गावोगाव खांब आले. आमच्या जुन्या घरात स्वयंपाकघर आणि माजघर यांच्या मधल्या भिंतीला एक चौकोनी भोक होतं, त्यात साठचा बल्ब. एका बल्बमध्ये दोन खोल्या! लहानपणी मला ते बांधकामातली चूक वाटायचं. आता कळतं, ते डिझाइन होतं.

मग आमचा काळ. २००५ साली मंडळाचं विभाजन होऊन महावितरण, महानिर्मिती, महापारेषण या कंपन्या झाल्या. तेव्हा राज्यात काही हजार मेगावॅटचा तुटवडा होता, त्यामुळे ग्रामीण भागात दिवसातले बारा-बारा तास वीज नसायची. आम्हा पोरांना पाढ्यांपेक्षा लोडशेडिंगचं वेळापत्रक जास्त पाठ. लाईट जायच्या आत टाकी भरा, दळण आणा, इमर्जन्सी लाईट चार्जिंगला लावा. परीक्षेचा अभ्यास त्याच उजेडात. आणि "आली रे!" असा अख्ख्या गल्लीचा ओरडा... ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको.

आता मला वाटायचं की एवढ्या टंचाईत वाढलेली आमची पिढी काटकसरी असणार. पण नीट आठवून बघितलं तर उलटंच होतं. लाईट आली की घरातली सगळी बटणं चालू. परत कधी जाईल काय भरवसा? शेतात मोटारीला ऑटो स्टार्टर लावलेला, म्हणजे रात्री दोनला वीज आली तरी मोटार आपोआप सुरू, पाणी कुठे का वाहेना. आम्ही वाचवायला शिकलोच नाही, ओरबाडायला शिकलो.

याला कारण आहे. पुढे भारनियमन ठरायचं ते फिडरवरून. गळती आणि बिलवसुली बघून ए पासून जी पर्यंत गट पाडलेले, जितका खालचा गट तितके जास्त तास अंधार. म्हणजे तुम्ही बिल वेळेवर भरा, बल्ब बंद ठेवा, तुमचा फिडर खालच्या गटात असेल तर लाईट जाणारच. आजीने वात बारीक केली की तिचं रॉकेल उरायचं. मी पंखा बंद केला तर मला काय उरायचं? आमच्या भाषेत सांगायचं तर फीडबॅक लूपच तुटलेला. डिसेंबर २०१२ मध्ये राज्याच्या बहुतेक भागातलं भारनियमन बंद झालं, मी पुण्यात आलो, पगार सुरू झाला आणि एसी अठरावर गेला.

म्हणून दुसऱ्या दिवशी भाचीला घेऊन खाली मीटरजवळ गेलो. झोपताना आकडा लिहायचा, सकाळी उठल्यावर लिहायचा. पहिली रात्र एसी अठरावर: नऊ युनिट. दुसरी रात्र सव्वीसवर आणि पंखा: पाच युनिट. वजाबाकी तिनेच केली. मग विचारलं, "मामा, वाचलेली चार युनिट कुठे गेली?"

प्रश्न भारी होता. सांगितलं, ती तयारच झाली नाहीत. कोळशावरच्या एका युनिटला साधारण पाऊण किलो कोळसा जळतो, म्हणजे चार युनिटला तीन किलो. आणि नुसता कोळसा नाही, पाणीपण लागतं. गोदावरीवरच्या खडका आणि मुदगल बंधाऱ्यांतलं पाणी परळीच्या केंद्राला जातं. २०१३ च्या दुष्काळात पाणीच नव्हतं म्हणून ते केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. आपल्या मराठवाड्यात विजेचं बटण म्हणजे एका अर्थी नळाची तोटीच.

हे मात्र तिला लगेच कळलं. टँकर तिने बघितलाय.

आजी काटकसरी होती, पण बाबांच्या मॅट्रिकच्या वर्षी तिने कंदील रात्रभर जळू दिला होता. वात कधी मोठी करायची हेही तिला ठाऊक होतं. हे भाचीला कसं शिकवायचं, ते मला अजून सुचलेलं नाही. सध्या वजाबाकीवर भागवतोय.

परवा ताईचा फोन आला. चित्रातला हसणारा बल्ब खोडून तिथे मीटर काढलाय, आकड्यांसकट. बक्षीस मिळेल असं वाटत नाही. आणि दाजी गिझर चालू ठेवून विसरले म्हणून त्यांना वहीत लाल शेरा मिळालाय.

मी एसी चोवीसवर आणलाय. सव्वीसची सवय अजून व्हायचीय.