शोभेचे चाक आणि भाराचे चाक

बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना आपण कधी पाहिले आहे काय? लहानपणी माझ्या आजोळी मी ते पाहिले आहे. लोखंडी धाव मुद्दामच चाकापेक्षा किंचित लहान करीत. मग ती जाळात लाल होईतो तापवायची, तिघाचौघांनी मिळून उचलायची, चाकावर घालून घणाने ठोकायची आणि लगेच वर पाणी ओतायचे. चर्र असा आवाज होई, वाफेचा लोट उठे, आणि थंड होताना ती धाव आक्रसून आरे, तुंबा आणि सारे लाकूड असे आवळून घेई की खिळ्याची गरजच पडू नये. धाव फार लहान झाली तर चाक पिचे. मोठी झाली तर वाटेत निसटे. ‘किंचित’ म्हणजे किती, यातच त्या लोहाराची सारी विद्या होती.

हे आठवण्याचे कारण वेगळेच घडले. माझा एक जुना विद्यार्थी चार पैसे बरे मिळवू लागला आणि त्याने हौसेने दोन दारांची एक जर्मन कूपे घेतली. नवी नव्हे, जुन्या बाजारातली. आठवड्याभरात तिची मूळची अठरा इंची चाके काढून त्याने वीस इंची चकचकीत चाके बसवून घेतली आणि मला फेरी मारायला नेले. गाडी देखणी दिसत होती, यात शंका नाही. पण ताशी नव्वदच्या सुमारास सुकाणूचे चक्र त्याच्या हातात थरथरू लागले. “सर, दोनदा बॅलन्सिंग करून आणलं, तरी जात नाही,” तो म्हणाला. पुढल्या रविवारी बायकामुलांना घेऊन घाट उतरायचा त्याचा बेत होता. मी इतिहासाचा माणूस. यंत्रविद्या माझा विषय नव्हे. पण या थरथरीचे उत्तर चाकाच्या इतिहासातच सापडते, म्हणून तो इतिहास आज थोडक्यात सांगतो.

मोटारीच्या पहिल्या काळात चाक बदलणे हा प्रकारच नव्हता. चाक गाडीला कायमचे जडलेले असे. जॉन बॉइड डनलॉप याने 1888 मध्ये बेलफास्ट येथे हवेचा टायर केला. मिशलँ बंधूंनी 1895 च्या पॅरिस-बोर्दो शर्यतीत तो मोटारीवर घालून पळवला. पण टायर फुटला की धुळीत बसून तो चाकावरच दुरुस्त करावा लागे. यावर वेल्समधील लानेली गावच्या डेव्हिस बंधूंनी 1904 च्या सुमारास एक तोड काढली: टायर चढवलेली, आरे नसलेली एक सुटी कडी. पंक्चर झालेल्या चाकावरच ती पकडींनी अडकवायची आणि पुढे निघायचे. त्यांचे दुकान स्टेपनी रस्त्यावर होते, म्हणून त्या कडीला स्टेपनी नाव पडले. आपला टॅक्सीवाला जेव्हा ‘स्टेपनी काढ’ असे सांगतो, तेव्हा वेल्समधल्या त्या रस्त्याचे नाव नकळत घेत असतो, बरे का!

पुढची पायरी म्हणजे सबंध चाकच सुटे करणे. कॉव्हेंट्रीच्या रज-व्हिटवर्थ कारखान्यात जॉन पुघ याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तारेच्या आऱ्यांचे, मधोमध एकाच मोठ्या नटाने आवळले जाणारे चाक सिद्ध केले. इटलीत मिलानच्या बोरानी कारखान्याने त्याचाच परवाना घेऊन तशी चाके केली आणि पुढे फेरारीच्या गाड्यांनी ती मिरवली. चाक सुटे झाले, आणि त्याच दिवशी निवड जन्माला आली. जे काढता येते ते बदलता येते; जे बदलता येते त्याची हौस होते. आजचा सारा चाकांचा बाजार या एका नटावर उभा आहे, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

तथापि शर्यतीतल्या लोकांना हौस नव्हती, त्यांना वजनाची चिंता होती. गाडीचा बहुतेक भार स्प्रिंगांवर तोललेला असतो. चाकाचा मात्र नसतो. चाक जड असेल तर खड्ड्यावरून उसळल्यावर ते रस्त्यावर परतायला वेळ लावते, आणि तेवढा वेळ टायरची पकड सुटते. एत्तोरे बुगाती याने 1924 मध्ये लियाँ येथील फ्रेंच ग्रां प्रीत आपली ‘टाइप 35’ उतरवली, तिला ओतीव अॅल्युमिनियमची, आठ चपट्या आऱ्यांची चाके होती. ब्रेकचा ड्रमही चाकातच ओतलेला. कल्पना उत्तम, पण त्या दिवशी टायरांनीच दगा दिला, त्यांची पट्टी सुटू लागली आणि नवी गाडी मागे पडली. पुढे हीच टाइप 35 अगणित शर्यती जिंकली. चाक कितीही चांगले असो, त्याचा संसार टायरशी जुळला पाहिजे, हा धडा त्या दिवसाने दिला.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत टेड हॅलिब्रँड याने शर्यतीच्या गाड्यांसाठी मॅग्नेशियमची चाके केली. मॅग्नेशियम अॅल्युमिनियमहूनही हलके. आपल्याकडे गॅरेजात कोणत्याही अलॉय चाकाला ‘मॅग व्हील’ म्हणतात त्याचे मूळ इथे आहे. चाक बहुधा अॅल्युमिनियमचेच असते, नाव मात्र मॅग्नेशियमचे. मग 1966 मध्ये पोर्शने ‘911 एस’ काढली आणि तिच्यासाठी माइनर्टसहागेनच्या ओटो फुक्स कारखान्याकडून घडीव अॅल्युमिनियमचे पाच पाकळ्यांचे चाक करून घेतले. ओतीव आणि घडीव यांत भांड्याच्या ओतकामात आणि लोहाराच्या घणकामात असतो तोच भेद. दाबून घडवलेला धातू घट्ट होतो, म्हणून कमी धातूत तेवढेच बळ मिळते. ते चाक पहिल्यांदा अवघे साडेचार इंच रुंद होते! 1973 च्या ‘कॅरेरा आरएस’ला पुढे सहा, मागे सात इंच, 1975 च्या टर्बोला सात आणि आठ. शक्ती वाढली तशी रुंदी वाढली, आणि प्रत्येक वेळी कारखान्याने गाडीचे अंगही त्या मापाला जुळवून घेतले.

याच सुमारास, 1970 मध्ये, जर्मनीतल्या शिल्टाख या गावी बीबीएस कंपनी निघाली. तिने शर्यतीसाठी तीन तुकड्यांचे चाक केले: मधली चकती, आतली कडी, बाहेरची कडी, आणि सारे बोल्टांनी जोडलेले. कडी बदलली की रुंदी बदलली. आता एकच नक्षी अनेक गाड्यांना बसवता येऊ लागली. शर्यतीचे चाक रस्त्यावर आले, रस्त्यावरून दुकानाच्या काचेत आले, आणि हलकेपणासाठी जन्मलेली वस्तू दिसण्यासाठी विकली जाऊ लागली. आज अनेकदा वीस इंची स्वस्त ओतीव चाक मूळच्या अठरा इंची चाकापेक्षा जडच भरते. बुगातीने ज्यासाठी खटाटोप केला, नेमके त्याच्या उलट!

आता गणिताकडे वळू. घाबरू नका, ते धावेच्या गणिताहून अवघड नाही. पहिली गोष्ट बाहेरच्या व्यासाची. 245/45 चा टायर अठरा इंची चाकावर चढवला तर एकूण व्यास सुमारे 678 मिलिमीटर होतो. वीस इंची चाकावर 245/35 घातला तर साधारण 679. वेगाचा काटा खरे सांगतो, मडगार्डला टायर घासत नाही. पण रबराची बाजू 110 वरून 86 मिलिमीटरवर आली. खड्ड्याचा मार पूर्वी जे रबर झेलत होते, ते आता धातूला सोसायचे आहे. मुंबई-पुण्याचा पावसाळा डोळ्यांपुढे आणा, म्हणजे अधिक सांगणे नको.

दुसरी गोष्ट ऑफसेटची. चाकाची मध्यरेषा आणि हबला टेकणारी बाजू यांतले हे अंतर. जर्मन चाकांवर ते ‘ईटी’ या अक्षरांपुढे मिलिमीटरमध्ये कोरलेले असते. आठ इंचाऐवजी नऊ इंच रुंद चाक त्याच ऑफसेटचे घेतले, तर ते दोन्ही बाजूंना 12.7 मिलिमीटर सरकते. ऑफसेट आणखी 5 ने कमी असेल तर बाहेर 17.7 आणि आत 7.7. बाहेर मडगार्ड आहे, आत स्प्रिंग आणि दांडे आहेत. जागा आधी मोजावी, पैसे मग मोजावेत.

तिसरी गोष्ट बोल्टांच्या वर्तुळाची. मर्सिडीझचे पाच बोल्ट 112 मिलिमीटरच्या वर्तुळावर, जुन्या बीएमडब्ल्यूंचे 120 वर, पोर्श 911 चे 130 वर. डोळ्यांना फरक दिसत नाही. पण जबरदस्तीने आवळले तर बोल्ट तिरपे बसतात. बोल्टाचे बूडही पाहिले पाहिजे: कोणाचे शंकूसारखे, कोणाचे गोलाकार. गोल बुडाचा बोल्ट शंकूच्या खाचेत घातला तर तो एका बारीक कडेवरच टेकतो आणि चालताचालता सैल होतो.

आणि चौथी गोष्ट मधल्या भोकाची. हबचा उंचवटा या भोकात नेमका बसला की चाक आपोआप मध्यावर येते. बाजारातली अनेक चाके पुष्कळ गाड्यांना चालावीत म्हणून 73.1 मिलिमीटरच्या भोकाची केलेली असतात. माझ्या विद्यार्थ्याच्या गाडीचा हब होता 66.6 चा. मधली जागा भरायला एक लहानशी कडी लागते. दुकानदाराने ती घातलीच नव्हती. सव्वातीन मिलिमीटरची फट चारी बाजूंनी! बॅलन्सिंगच्या यंत्रावर चाक बिनचूक फिरे, कारण यंत्र ते आपल्या परीने मध्यावर धरी; गाडीवर मात्र ते मध्यावर नव्हतेच. आम्ही दुसऱ्या एका वयस्कर मिस्त्रीकडे गेलो. त्याने चाक उतरवले, भोकात बोट फिरवले, मग बोल्ट हातात घेऊन पाहिला आणि एवढेच म्हणाला, “साहेब, बोल्ट जुनेच घातलेत. चाकाची खाच शंकूची, बोल्ट गोल. यातले दोन हातानं फिरतायत.” विद्यार्थ्याचा चेहरा उतरला. घाट दोन दिवसांवर होता.

कड्या आल्या, योग्य बोल्ट आले, मिस्त्रीने ते पुस्तकातल्या मापाने टॉर्क पान्याने आवळले आणि शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासायला बोलावले. थरथर गेली. पण विद्यार्थ्याने स्वतःहून घाटासाठी जुनी अठरा इंची चाके परत चढवली. “सर, ही घराबाहेर उभी करायला ठेवतो,” वीस इंचींकडे पाहून तो हसला.

कायद्याचाही यात हात आहे. जर्मनीत न तपासलेली चाके बसवली तर गाडीचा रस्त्यावरचा परवानाच धोक्यात येतो. आपल्याकडेही जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले की निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळी ठरेल अशी फेरफार वाहनात करता येणार नाही. म्हणून चाके घेण्यापूर्वी आरटीओत आणि विमेवाल्याकडे विचारून घेणे शहाणपणाचे.

वाचकहो, हौस करू नका असे मी म्हणत नाही. देखणे चाक कोणाला नको? पण दुकानात गेल्यावर रंग आणि नक्षी विचारण्याआधी भार किती पेलते, वजन किती, ऑफसेट किती, वर्तुळ किती, भोक किती आणि बोल्ट कोणते, एवढे विचारा. ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्याकडून चाक घेऊ नका. माझ्या आजोळच्या लोहाराला यातला एकही शब्द ठाऊक नव्हता. पण धाव किती लहान करायची हे त्याला पक्के ठाऊक होते, आणि गाडीत बसणारी माणसे कोणाच्या घरची, हेही.