पंखा बंद पडल्यावर

रविवार, १६ मे २०२१. रात्री ९. एकतीस तास आधी.

डहाणूजवळच्या कैनाडला, आमच्या काकांच्या घरात, पडवीला लागून असलेल्या खोलीत, टेबलावर थर्माकोलची पेटी. मूळची मासळीबाजारातली, बर्फाची. कितीही धुतली तरी नाक जवळ नेलं की बोंबील आठवतातच. चुलतभावाने तिच्या झाकणात काच बसवली, आत चाळीस वॅटचे दोन बल्ब, जुन्या कॉम्प्युटरमधला पंखा आणि आगपेटीएवढा चिनी थर्मोस्टॅट. तारेच्या जाळीवर अंडी, जाळीखाली पाण्याचा ट्रे. पोरगा आयटीआय झालेला, वापीला कामाला. एप्रिलच्या मध्यापासून कोरोनाचे कडक निर्बंध लागले, कारखान्याने घरी बसवलं आणि त्याच्या हातांना काम हवं होतं.

२६ एप्रिलच्या संध्याकाळी गावठी कोंबड्यांची ३६ अंडी मांडली. आठवड्याने टॉर्चच्या उजेडावर धरून पाहिली. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रेषा दिसल्या ती ठेवली. पाचांत काहीच नव्हतं, ती काढली. उरली ३१. चौदा मेला, म्हणजे अठराव्या दिवशी, अंडी फिरवणं थांबवलं आणि ट्रेमध्ये पाणी वाढवलं. शेवटचे तीन दिवस पेटी उघडायची नाही, हा नियम. त्याच दिवशी लक्षद्वीपजवळ समुद्रात कमी दाबाच्या क्षेत्राचं वादळ होऊ लागलं होतं. रविवारी रात्री टीव्हीवर त्याचंच चालू होतं: तौक्ते. म्यानमारने दिलेलं नाव; तिकडे पालीच्या एका जातीला असं म्हणतात.

पेटीवरचा लाल आकडा ३७.६. हवी तेवढीच ऊब. पेटीला कान लावला तर आतून टकटक ऐकू येत होती.

सोमवार, १७ मे. सकाळी ७. एकवीस तास आधी.

पहिलं भोक. भोक तरी काय, तांदळाच्या दाण्याएवढा टवका, भोवती चांदणीसारख्या भेगा.

इथे जरा थांबायला हवं, कारण पुढचं सगळं याच्यावर आहे. अंड्यातलं पिल्लू विसाव्या दिवसापर्यंत फुप्फुसाने श्वास घेत नाही. कवचाच्या आतून पसरलेल्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून त्याला हवा मिळते. मग ते अंड्याच्या बोथट टोकाकडची हवेची पोकळी चोचीने फोडतं, तिथे पहिला श्वास घेतं, आतल्या आत चिवचिवतं. काही तासांनी चोचीवरच्या बारीक दाताने कवचाला टवका पाडतं. आणि मग गप्प बसतं. आपल्याला वाटतं अडकलं. ते अडकलेलं नसतं; उरलेला पिवळा बलक पोटात ओढून घेत असतं, जाळ्यातलं रक्त अंगात परत घेत असतं. याला बारा तास लागतात, कधी चोवीस. या वेळात कवच सोलायला जाणारा माणूस रक्तवाहिन्या फाडतो. भावाला हे माहीत होतं. त्याने हात लावला नाही.

दुपारी १२.३०.

नऊ अंड्यांना टवके. वहीत वेळा लिहायचं काम माझ्याकडे. बाहेर वारं सुटलेलं, ताडांचे शेंडे एकाच बाजूला झुकलेले. मुंबईचं विमानतळ अकराला बंद केल्याची बातमी आली. काका म्हणाले, "मुंबईला झालं म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी." गेल्या वर्षी जूनमध्ये निसर्ग वादळ डहाणू-पालघरकडे येणार म्हणून सगळ्यांनी कौलं बांधून ठेवली होती आणि ते श्रीवर्धनकडे वळलं. त्यामुळे यंदा बांधाबांध जरा निवांतच चालली होती.

दुपारी ३.१०. तेरा तास आधी.

वीज गेली.

डहाणूच्या खाडीवर ५०० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आहे. त्याची चिमणी लांबून दिसते. तिथली वीज मुंबईच्या उपनगरांत जाते. आमच्याकडे आभाळ भरून आलं की दिवे जातात, हे इतकं अंगवळणी पडलंय की कोणी उठलंसुद्धा नाही. भाऊ मात्र उठला. पेटीवरचा लाल आकडा विझला होता. पंख्याची घरघर थांबली होती.

आजी चुलीजवळून म्हणाली, "झाकण उघडू नको रे. गोधडी टाक वरून."

टाकली. इथपर्यंत सगळं बरोबर होतं. थर्माकोल ऊब धरून ठेवतं, आणि एकविसाव्या दिवसाचं पिल्लू स्वतःच्या अंगाची थोडी ऊब तयार करतं. अशी एकतीस एका पेटीत.

संध्याकाळी ७.

पाऊस आडवा. पडवीतलं पाणी उंबऱ्यापर्यंत. मागच्या दाराशी आजीची खुडूक कोंबडी टोपलीत नऊ अंड्यांवर बसलेली. तिथे गळायला लागलं म्हणून काकीने टोपली उचलून चुलीमागे नेली. कोंबडीने पिसं फुलवून काकीच्या मनगटावर चोच मारली आणि परत बसली.

पेटीत दोन पिल्लं बाहेर आली होती. काचेतून टॉर्च मारला की ओली, लुळी, टरफलांत लोळताना दिसत.

रात्री ९.३०. साडेसहा तास आधी.

मोबाइलला मधूनच रेंज येत होती. वादळ दीवजवळ किनाऱ्याला लागतंय, म्हणजे आपल्यावरून पुढे गेलं, असं काकांनी जाहीर केलं. वारा मात्र थांबला नव्हता.

आत किती ऊब आहे हे कळायला मार्ग नव्हता. थर्मोस्टॅट विजेवर चालणारा. घरात तापाचा पाऱ्याचा थर्मामीटर होता. त्याचे आकडे ९४ फॅरनहाइटपासून सुरू होतात. पेटीच्या बाजूला खाली हवेसाठी पाडलेल्या भोकातून तो आत सरकवला. पारा आकड्यांपर्यंत चढलाच नाही. म्हणजे ९४ च्या खाली. किती खाली, ते त्या काचेत लिहिलेलं नसतं.

इजिप्तमध्ये मातीच्या भट्ट्यांत हजारोंनी अंडी उबवणारे कारागीर थर्मामीटरशिवाय काम करत. अंडं पापणीला टेकवायचं आणि ओळखायचं. फ्रान्सच्या रेओम्यूरने, ज्याच्या नावाने तापमानाची एक मोजपट्टी आहे, १७४९ च्या अंडी उबवण्यावरच्या ग्रंथात या भट्ट्यांबद्दल लिहिलं. त्यालाही त्यांचं कौतुक वाटलं. पापणी फसत नाही असं नाही, पण ती जिथे अंडं आहे तिथलं सांगते. हा मुद्दा त्या रात्री फार महत्त्वाचा होता.

रात्री १२. चार तास आधी.

पाच पिल्लं बाहेर. उरलेल्या सव्वीस अंड्यांतला आवाज मंद झालेला. भावाने व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं होतं; वडोदऱ्याच्या मित्राचं उत्तर आलं: "ऊब दे नाहीतर सगळी जातील." सगळेच हे सांगतात. कोंबडीपालनाचा कुठलाही व्हिडिओ लावा, पिल्लू म्हटलं की ऊब, ऊब आणि ऊब. उकाड्याबद्दल कोणी बोलत नाही. खरा हिशेब उलटा आहे. ९५ फॅरनहाइटवर तीन-चार तास गेले तर अंड्यातला जीव फक्त मंदावतो, पिल्लू उशिरा निघतं. १०५ वर पंधरा मिनिटं गेली तरी मोठा घात होतो. थंडी वेळ देते. आणि बाहेर पाऊस असला तरी महिना मे होता. डहाणूच्या मेमधली पावसाळी रात्र म्हणजे काही महाबळेश्वर नव्हे.

कोमट पाण्याच्या दोन बाटल्या फडक्यात गुंडाळून आत ठेवल्या. तासाभरात पाऱ्याने ९५ गाठलं. याच्यावर थांबलो असतो, तर हा मजकूर लिहायचं कारण नसतं.

रात्री १.४५. सव्वादोन तास आधी.

बाटल्या निवल्या. झाकण उघडून बदलाव्या लागत आणि दर वेळी आतली दमट हवा भसकन बाहेर जाई. भावाला ते पटेना. त्याने चुलीवरच्या उकळत्या पाण्याने स्टीलचे दोन डबे भरले, झाकणं घट्ट लावली, पेटीच्या खिडकीकडच्या दोन कोपऱ्यांत ठेवले. एकदाच ठेवू, सकाळपर्यंत पुरतील. वरच्या भोकांतून वारा आत घुसत होता. त्यांत चिंध्या कोंबल्या. थर्मामीटरचं भोक तेवढं उघडं.

त्याच्या जागी बहुतेकांनी हेच केलं असतं. हुशार माणूस होता तो, आणि दमलेला.

रात्री २.३०. दीड तास आधी.

पारा ९८.

काकांनी समाधानाने विडी शिलगावली. पण पारा होता जाळीच्या खाली, पाण्याच्या ट्रेला जवळजवळ टेकलेला. पंखा चालू असतो तेव्हा पेटीत वर-खाली सगळीकडे एकच तापमान राहतं. पंखा आहेच त्यासाठी. तो थांबला की गरम हवा वर जाऊन झाकणाखाली साचते, थंड हवा तळाशी बसते. त्यात ट्रेमधलं पाणी वाफ होताना आजूबाजूची हवा आणखी गार करतं. तळाला ९८ असताना अंड्यांच्या माथ्यावर किती होतं, ते पाहायला तिथे काहीच नव्हतं. डब्यांना टेकलेल्या अंड्यांचं तर विचारूच नये.

रात्री ३.

पेटीतून एकदम गलका. सगळी एका सुरात, कर्कश, न थांबता.

काकी उठून बसली. "ऐका, ऐका! जीव आला बघ त्यांच्यात."

सगळ्यांच्या अंगावरचं ओझं उतरलं. भाऊ दिवसभरात पहिल्यांदा आडवा झाला. मी वहीत लिहिलं: ३.०५, आवाज जोरात.

उबेत असलेलं पिल्लू तृप्तपणे, तुटक तुटक, बारीक बोलतं. गारठलेलं ओरडतं, भाजणारंही ओरडतं, आणि झाकलेल्या पेटीबाहेर कानाला दोन्ही सारखीच. काचेवर गोधडी होती. ती उचलली असती तर दिसलं असतं: चोची वासलेल्या, पंख अंगापासून लांब धरलेले, सगळी डब्यांपासून दूर जायला धडपडणारी. कोंबडीच्या पोटाखालची पिसं झडून कातडी उघडी पडलेली असते. अंडं तापलं की तिला तिथेच कळतं आणि ती उठते, दोन पावलं चालून येते. तिच्या उठण्याला आपण आळस समजतो.

मंगळवार, १८ मे. पहाटे ४.

आवाज नाही.

काकी म्हणाली झोपली असतील. आजी काही बोलली नाही. उठली, गोधडी ओढून काढली आणि झाकण उघडलं. आतून वाफेसारखी हवा आली, तिच्या चष्म्यावर धुकं बसलं. तिने एक अंडं उचलून गालाला लावलं आणि लगेच खाली ठेवलं. चटका बसावा इतकं तापलेलं.

सकाळी १०.

उजेडात मोजदाद. बाहेर आलेल्या पाचांपैकी चार मेलेली. पाचवं सरपटत दाराकडच्या कोपऱ्यात, डब्यांपासून सर्वांत लांब जाऊन बसलं होतं, तेवढं जिवंत. अंडी फोडून पाहिली. पूर्ण वाढलेली पिल्लं, मान उजव्या पंखाखाली, चोच हवेच्या पोकळीत, बलक पोटात गेलेला, बेंबी मिटलेली. कसलीही खोड नाही. काही तासांचा प्रश्न होता. न फोडलेली तीन अंडी त्याच लांबच्या कोपऱ्यात होती आणि त्यांत धुगधुगी होती. ती दुपारनंतर फुटली. एकतीसातली चार.

गारठ्याने गेली असती तर लांबचा कोपरा आधी गेला असता. पण हे भावाला मी सांगितलं नाही; तो कोपऱ्याकडेच पाहत होता.

आजीच्या कोंबडीखाली नवातली सात निघाली. एक तिच्याच पायाखाली चिरडून मेलं, एक अंडं नासकं.

काकांनी मागे चिकूखाली खड्डा खणला. वाटेवर विजेचे खांब आडवे होते. वीज त्या दिवशी आली नाही, दुसऱ्याही दिवशी नाही. दारात बसून भावाने पेटी खोलली. पंख्याच्या पाठीवरचं चिकटलेलं लेबल पुसलं: १२ व्होल्ट. थर्मोस्टॅटही १२ व्होल्टचा. दोन्ही एका अ‍ॅडॉप्टरवर चालायचे. पडवीत त्याची मोटरसायकल उभी होती, तिची बॅटरी १२ व्होल्टची.

त्याने सीट काढली, दोन तारा जोडल्या. पंखा फिरायला लागला.