बंगला, बाग आणि बाजार : व्हाइटफील्डची कथा

‘स्वतंत्र बंगला विकणे आहे’ ही चार शब्दांची जाहिरात वाचताना इतिहास सहसा कोणास आठवत नाही. बंगळूरच्या बाबतीत मात्र विक्री हा इतिहासाचाच एक अध्याय आहे. १६३८ साली विजापूरच्या फौजांनी केंपेगौडाच्या वंशजाकडून हे ठाणे घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीचे मुख्य स्थान झाले. त्यांचे पुत्र व्यंकोजी तंजावरास स्थिरावल्यावर दूरचे बंगळूर राखणे त्यांना जड जाऊ लागले. तीन लाख रुपयांस ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांना विकण्याची बोलणी झाली. १६८७ साली व्यवहार पुरा होण्याआधीच मोगल सरदार कासिमखान तेथे येऊन पोहोचला. तथापि अखेर तेवढ्याच रकमेस शहर म्हैसूरकडे गेले. मालक दूर गेला की मालमत्ता विकली जाते, हे त्या शहराने असे फार पूर्वीच अनुभवले. त्याचा दुसरा आणि अधिक करुण प्रत्यय दोन शतकांनंतर वसलेल्या एका खेड्यात येतो.

ते खेडे म्हणजे बंगळूरच्या पूर्वेचे व्हाइटफील्ड. १८८२ साली महाराज चामराजेंद्र वोडेयर यांनी युरेशियन व अँग्लो-इंडियन संघास वसाहतींसाठी सुमारे ३,९०० एकर जमीन दिली. या योजनेचे प्रवर्तक डी. एस. व्हाइट, गावास नाव मिळाले ते त्यांचेच. हा समाज रेल्वे, तारखाते आणि सरकारी कचेऱ्या यांतील दुय्यम नोकऱ्यांवर जगत होता. राज्यकर्ते त्यास आपले मानीत नव्हते आणि भोवतालच्या समाजात त्याची मुळे रुजली नव्हती. नोकरी सरकारची आणि घर भाड्याचे, अशा माणसास स्वतःच्या जमिनीवर उभे करावे, लेखणीऐवजी त्याच्या हाती नांगर द्यावा, असा व्हाइट यांचा विचार होता.

गावाची आखणीही या विचारास साजेशी होती. मध्यभागी हिरवळ, तिच्याभोवती वर्तुळाकार रस्ता, त्यालगत प्रशस्त भूखंडांवरील घरे आणि पलीकडे शेती. घर म्हणजे बंगला : पुढे व्हरांडा, वर उतरते कौलारू छप्पर, चोहोबाजूंनी बाग. ‘बंगला’ हे नाव बंगाली धाटणीच्या घरावरून आले. इंग्रजांनी ते उचलले आणि १८७० च्या सुमारास इंग्लंडात केंटच्या समुद्रकिनाऱ्यावरही तशी घरे उठू लागली.

मराठी वाचकास परिचित असलेल्या वाड्याशी ताडून पाहिले असता बंगल्याचे मर्म ध्यानात येते. वाडा अंगण पोटात घेतो. बंगला अंगणात उभा राहतो. वाड्याच्या वाटण्या होतात तेव्हा चौकात भिंत उठते, चुली वेगळ्या होतात, परंतु वास्तू बहुधा तग धरते. बंगल्याची गोष्ट निराळी. त्याची शोभा भोवतालच्या मोकळ्या जागेत असते आणि जमिनीचे मोल वाढले की तीच जागा त्याच्या मुळावर येते.

व्हाइटफील्डला ही वेळ उशिरा आली. कारकुनी पेशातील कुटुंबांना शेती सोपी नव्हती. वसाहत अपेक्षेइतकी वाढली नाही आणि हळूहळू ती निवृत्तांच्या विसाव्याची जागा झाली. स्वातंत्र्यानंतर अनेक कुटुंबे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा या देशांत निघून गेली. १९३३ मध्ये छोटानागपूरच्या पठारावर वसविलेल्या मॅक्लुस्कीगंज या अशाच वसाहतीचेही तेच झाले. तेथील काही बंगले ओसाड पडले. व्हाइटफील्डला ओसाडीचे भय नव्हते. त्याचे संकट भरभराटीतून आले. १९९० च्या दशकात नजीकच भव्य तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले. २००७ साली हा परिसर महानगरपालिकेत सामील झाला आणि २०२३ च्या मार्चमध्ये तेथे मेट्रो पोहोचली.

अशा परिस्थितीत बंगला विकावयास निघतो तेव्हा किंमत होते ती जमिनीची. भिंती, कौले, आंब्याचे झाड यांचा हिशेब झालाच तर पाडण्याच्या खर्चात होतो. यात विकणाऱ्यास दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नव्हे. वारस तीन खंडांत पांगलेले, मागे राहिलेली व्यक्ती वृद्ध, दर पावसाळ्यात छपराची दुरुस्ती. जतनाचा भार एकट्या कुटुंबाने वाहावा आणि त्याचे समाधान मात्र सर्वांनी भोगावे, हे फार काळ चालत नाही. १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे तो राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तूंसाठी. सामान्य कुटुंबाचे घर त्या व्याख्येत सहसा बसत नाही.

तरीही हानी होते, आणि ती एका घराची नसते. भूमिहीन समाजास मुळे फुटावीत म्हणून जी जमीन दिली गेली, तीच इतकी मोलाची झाली की तिच्यावर राहणे परवडेनासे झाले. व्हाइट यांची चूक एवढीच, की जमीन माणसास धरून ठेवते असे त्यांनी गृहीत धरले. मध्यवर्ती वर्तुळाकार रस्ता आजही आहे. त्यावरून फिरणाऱ्यास काही जुनी छपरे दिसतात, आणि त्यांच्यामधल्या उंच इमारतींवरून बाकीची कोठे होती हे ओळखता येते.