लायकीचा सवाल

आपल्या हातकणंगले तालुक्यातल्या माणगावात २१ आणि २२ मार्च १९२० रोजी अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते २८ वर्षांचे भीमराव आंबेडकर. शाहू महाराज स्वतः आले आणि तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला, असं त्यांनी जमलेल्यांना सांगितलं.

महाराजांनी १८९४ साली कारभार हाती घेतला तेव्हा दरबारातल्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. २६ जुलै १९०२ च्या हुकुमानं रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या गेल्या. खातेप्रमुखांनी दर तिमाहीला तक्ता पाठवावा, अशी तंबीही होती. मग लायकीचं काय, हा सवाल तेव्हापासूनचा.

त्यावर महाराजांच्या पागेतली घोड्यांची आणि हरभऱ्याची गोष्ट नेहमी सांगतात. मला मात्र बडोदं आठवतं. कोलंबिया विद्यापीठाचे एम.ए. असलेले आंबेडकर १९१७ साली तिथं नोकरीला लागले. लायकीत कुठं कमी होतं? पण कचेरीतले शिपाई कागद लांबूनच त्यांच्या टेबलावर फेकत. राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी खानावळीत नाव लपवून राहिले. तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्यांनी हाकललं. थोड्याच दिवसांत ते मुंबईला परतले.

माणगावच्या मांडवात बोलायला उभे राहिले ते हेच आंबेडकर.